फुकटचे व्हिडिओ, साठलेली कार्डं आणि फुरसं चावलेला रुग्ण

वाचकांचे प्रश्न : एमबीबीएसचा अभ्यास आणि नेटवरचं मोफत साहित्य

या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सात पत्रं इथे घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावं वगळली आहेत.

मी पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. कॉलेजातलं लेक्चर भराभर पुढे जातं, म्हणून रात्री यूट्यूबवर ॲनाटॉमीचे व्हिडिओ बघतो. बघताना सगळं समजतं, पण व्हायवात (तोंडी परीक्षेत) तोंडातून शब्द फुटत नाही. कुठे चुकतंय?
— एक विद्यार्थी, नांदेड

व्हिडिओत चित्र समोर असतं, बाण दाखवलेला असतो आणि नावही उच्चारलं जातं. तुम्हाला फक्त मान डोलवायची असते. व्हायवात यातलं काहीच समोर नसतं. ओळखणं आणि आठवून काढणं ही दोन निराळी कामं आहेत आणि तुम्ही रोज पहिल्याचाच सराव करताय. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग यासाठी नेहमी सांगितले जातात. उतारा वाचून झाल्यावर काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. तुमच्या रात्रीच्या व्हिडिओंचं नेमकं हेच होतंय. ते पाच मिनिटं पुरतात.

ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताला जाणाऱ्या नसांचं जाळं घ्या. आधी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावरून कॉम्पिटन्सीची, म्हणजे विद्यार्थ्याला काय काय यायला हवं त्या यादीची, पीडीएफ उतरवून घ्या. ती मोफत आहे आणि तुमचा खरा अभ्यासक्रम तीच आहे. ॲनाटॉमीच्या 'एएन १०' या गटात काखेचा भाग येतो. तिथे काय 'वर्णन करा' म्हटलंय आणि काय 'दाखवा' म्हटलंय ते पाहा. मग पाठ्यपुस्तकातली फक्त शीर्षकं आणि आकृती दहा मिनिटं चाळा. त्यानंतर व्हिडिओ लावा, एकच आणि शक्यतो वीस मिनिटांच्या आतला. तो संपला की फोन पालथा ठेवा आणि कोऱ्या कागदावर काढा : सी ५ ते टी १ अशी पाच मुळं, तीन ट्रंक, सहा डिव्हिजन, तीन कॉर्ड, शेवटच्या पाच शाखा. पहिल्यांदा निम्मं चुकेल, ते चुकू द्या. पुस्तक उघडून चुका लाल शाईने दुरुस्त करा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कोरा कागद, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी, मग आठवड्याने. चौथ्या खेपेला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

व्हायवासाठी याच्या पुढची एक पायरी लागते. आकृतीकडे बोट दाखवत इंग्रजीत मोठ्याने बोला आणि फोनवर रेकॉर्ड करा. अर्ब्ज पॉइंटला कोणत्या सहा नसा भेटतात, तिथे इजा झाली तर हात कसा लटकतो आणि का, एवढं दोन मिनिटांत सांगता आलं पाहिजे. विचार खुशाल मराठीत करा. पण उत्तराचं पहिलं वाक्य इंग्रजीत तयार असू द्या, कारण बहुतेकांची गाडी पहिल्या वाक्यालाच अडते.

आपोआप उमटणाऱ्या सबटायटल्सवर विसंबू नका. कमरेचं हाड 'इलियम' आणि लहान आतड्याचा शेवटचा भाग 'इलियम' यांचा उच्चार एकच, स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. यंत्र त्यात हमखास घोळ घालतं. 'पेरिनियल' आणि 'पेरोनियल'चंही तेच. वहीत उतरवताना स्पेलिंग पुस्तकातून घ्या. शवविच्छेदनाचे काही व्हिडिओ वयाच्या अटीमुळे लॉग-इन केल्याशिवाय उघडत नाहीत. ते अडले म्हणून दुसऱ्या संशयास्पद साइटवर जाऊ नका, खात्याने लॉग-इन करा.

दुसऱ्या वर्षाला आहे. सीनियरच्या सांगण्यावरून अँकी (ठरावीक दिवसांनी प्रश्नकार्डं पुन्हा विचारणारं ॲप) सुरू केलं आणि अमेरिकन विद्यार्थ्यांचा प्रसिद्ध तयार डेक, म्हणजे कार्डांचा संच, उतरवला. दोन महिन्यांत १,४०० कार्डं थकली आहेत. रोज उघडायचीही भीती वाटते. सोडून देऊ का?
— एक विद्यार्थिनी, पुणे

सोडू नका, पण आज रात्रीच एक काम करा. डेकच्या सेटिंगमध्ये रोजच्या नव्या कार्डांचा आकडा शून्य करा. घरात पाणी साठलं की आधी नळ बंद करतात, तसंच हे.

अँकीचा ढोबळ हिशेब असा : रोज जितकी नवी कार्डं घ्याल, त्याच्या सात ते दहा पट जुनी कार्डं काही आठवड्यांत रोज समोर येऊ लागतात. सुरुवातीची सेटिंग रोज २० नव्या कार्डांची असते. म्हणजे महिन्या-दीड महिन्यात रोजची दीडशे-दोनशे. एका कार्डाला आठ-दहा सेकंद धरले तर अर्धा तास. हे झेपतं. पण पहिल्या आठवड्यात पुनरावृत्ती कमी असते, त्या उत्साहात लोक रोजची ८० नवी कार्डं घेतात आणि महिन्याने रोजचे सातशे दारात उभे राहतात. त्यात एखादी टर्म एक्झाम किंवा घरातलं लग्न आलं की चार दिवसांत डोंगर झालाच.

तुमचा डोंगर उतरवायचा हिशेब : नवी शून्य, पुनरावृत्तीची मर्यादा रोज २००. त्यातली शंभरेक त्या-त्या दिवशी नव्याने देय होणारी असतील. उरलेली शंभर थकबाकीतून वजा होतील. १,४०० साठी दोन आठवडे. या काळात जी कार्डं तुमच्या अभ्यासक्रमात नाहीत, ती 'सस्पेंड' करत चला, डिलीट करू नका. तो अमेरिकन डेक त्यांच्या परवाना परीक्षेसाठी बांधलेला आहे. तिथली विमाव्यवस्था आणि तिथले कायदे तुम्हाला नकोत. उलट आपल्याकडे पीएसएममध्ये (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्रात) येणारे राष्ट्रीय कार्यक्रम आणि फॉरेन्सिकमधले भारतीय कायदे त्यात मिळणार नाहीत.

आता कार्डं साठण्याची, आणि साठली नाहीत तरी डोक्यात न राहण्याची खरी कारणं. पहिलं कारण 'हार्ड' हे बटण. उत्तर आठवलं नाही तरी मन राखायला 'हार्ड' दाबणारे फार आहेत. अँकीच्या लेखी 'हार्ड' म्हणजे आठवलं, फक्त कष्टाने. त्यामुळे ते कार्ड पुढे ढकललं जातं आणि तुम्ही पुन्हा विसरता. विसरलात तर 'अगेन'. आठवलं तर 'गुड'. बाकीची दोन बटणं महिनाभर नाहीतच असं समजा. २०२३ च्या अखेरीपासून अँकीत एफएसआरएस नावाची नवी गणनपद्धती आली आहे. ती डेकच्या सेटिंगमधून सुरू करता येते आणि सहसा कमी पुनरावृत्तीत काम भागवते. पण तुम्ही 'हार्ड'चा गैरवापर करत असाल तर तिचा हिशेब आणखी बिघडतो. तिथे 'डिझायर्ड रिटेन्शन' ९० टक्के असतं, ते तसंच ठेवा. ९५ केलंत की रोजचा भार खूप वाढतो आणि वाढलेले पाच टक्के परीक्षेत दिसतही नाहीत.

दुसरं कारण म्हणजे लठ्ठ कार्डं. 'क्षयाची औषधं व त्यांचे दुष्परिणाम लिहा' हे कार्ड नाही, तो दहा मार्कांचा प्रश्न आहे. त्याची चार कार्डं करा. आयसोनियाझिडने हातापायांना मुंग्या का येतात? ते बी ६ च्या कामात अडथळा आणतं म्हणून, सोबत पायरिडॉक्सिन द्यायचं. लघवी नारिंगी कशाने? रिफाम्पिसिन. युरिक ॲसिड कोण वाढवतं? पायराझिनामाइड. लाल-हिरवा रंग ओळखताना गडबड होते, कोणतं औषध? इथॅम्ब्युटॉल. प्रत्येक कार्डावर एकच उत्तर, तेही पाच सेकंदांत देता येईल असं. आठ वेळा विसरलेल्या कार्डावर अँकी स्वतःच 'लीच' अशी खूण करतं. लीच म्हणजे जळू, नाव अगदी योग्य आहे. ते कार्ड तसंच घोकत राहण्याऐवजी पुस्तक उघडून तो भाग समजून घ्या आणि कार्ड नव्याने लिहा. ॲनाटॉमी आणि हिस्टॉलॉजीला 'इमेज ऑक्लूजन' वापरा. चित्रावरची नावं झाकून विचारायची ही सोय आता संगणकावरच्या अँकीत आतच आहे.

तिसरं कारण, न समजलेलं कार्डात भरणं. आधी पुस्तक किंवा लेक्चर, मग कार्ड. न समजलेल्या वाक्याचं कार्ड म्हणजे परक्या भाषेतला फोन नंबर.

अँकी संगणकावर मोफत आहे. अँड्रॉइडवर 'अँकीड्रॉइड' मोफत आहे. आयफोनवरचं अधिकृत ॲप विकत घ्यावं लागतं, पण आयफोनच्या ब्राउझरमध्ये अँकीवेब फुकट चालतं. नावात 'अँकी' असलेली दुसरी ॲप्सही दुकानात दिसतात, त्यांचा याच्याशी संबंध नाही. फोन आणि लॅपटॉप दोन्हीवर वापरत असाल तर कधीतरी सिंक करताना 'अपलोड की डाउनलोड' असा प्रश्न येतो. घाईत चुकीचं दाबलं की एका यंत्रावरचं सगळं काम पुसलं जातं. नवी कार्डं ज्या यंत्रावर आहेत, तिथूनच अपलोड करा, आणि महिन्यातून एकदा पूर्ण संग्रह एक्स्पोर्ट करून पेनड्राइव्हवर ठेवा.

इंटर्नशिपसाठी ग्रामीण रुग्णालयात आहे. सर्पदंशावर परदेशी व्हिडिओ बघून गेलो होतो, पण इथलं सगळंच वेगळं निघालं. परदेशी मोफत साहित्य आपल्याकडे कितपत लागू पडतं?
— एक इंटर्न, सिंधुदुर्ग

शरीरक्रिया आणि रोगाची यंत्रणा जगभर एकच, त्यामुळे तिथे परदेशी साहित्य बिनधास्त वापरा. निदानाच्या चाचण्या, औषधांची निवड, मात्रा आणि वेळापत्रक आलं की थांबून भारतीय मार्गदर्शिका उघडायची. ही सीमारेषा लक्षात ठेवली तर बरेच घोटाळे टळतात. तुमचा विषय या सीमारेषेच्या अगदी पलीकडचा आहे.

अमेरिकन व्हिडिओतला साप बहुधा रॅटलस्नेक असतो आणि औषधही तिथल्या सापांवर बनवलेलं असतं. आपल्याकडची एएसव्ही (सर्पदंशावरचं प्रतिविष) ही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर मिळून बनवलेली असते. कोकणात फुरशाचे दंश खूप, आणि फुरसं-घोणस दोन्ही रक्त गोठणं बिघडवतात. म्हणून आपल्याकडे २० मिनिटांची संपूर्ण रक्त गोठण चाचणी शिकवतात. परदेशी व्हिडिओंत ती क्वचितच दिसते, कारण तिथे प्रयोगशाळा शेजारी असते. कृती सोपी : शिरेतलं ताजं दोन मिली रक्त, स्वच्छ, कोरड्या, नव्या काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये. वीस मिनिटं हलवायचं नाही. मग एकदाच ट्यूब आडवी करायची. रक्त पातळच वाहिलं तर गोठणं बिघडलं आहे. ही चाचणी फसते ती ट्यूबमुळे. काचेचा पृष्ठभाग गोठण्याची क्रिया सुरू करतो. प्लास्टिकची ट्यूब घेतली किंवा साबणाने धुतलेली काचेची ट्यूब घेतली, तर निरोगी माणसाचं रक्तही वेळेत गोठत नाही आणि नको त्याला एएसव्ही दिली जाते. ट्यूब चांगली आहे का याची शंका आली तर त्याच प्रकारच्या ट्यूबमध्ये निरोगी माणसाचं रक्त ठेवून ताडून पाहा.

लहान मुलाला मात्रा कमी, हा नियमही इथे चालत नाही. साप मुलाला चावताना विष मोजून कमी सोडत नाही, त्यामुळे एएसव्हीची मात्रा मुलाला आणि मोठ्याला सारखीच असते. आणि कोकणातल्या चापडा या सापाच्या विषावर ही एएसव्ही बनवलेली नाही, हेही व्हिडिओ सांगणार नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची सर्पदंश उपचार मार्गदर्शिका आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया कार्यालयाची २०१६ ची मार्गदर्शिका, दोन्ही पीडीएफ मोफत आहेत. पोस्टिंग सुरू होण्याआधी फोनमध्ये घेऊन ठेवा. अशा वेळी नेट नेमकं नसतं.

असे फरक इतरत्रही आहेत. औषधांना दाद देणाऱ्या क्षयाला अमेरिकन साहित्यात दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने दोनच, असं वाचाल. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात पुढच्या चार महिन्यांतही इथॅम्ब्युटॉल चालू ठेवून तीन औषधं दिली जातात. कुत्रा चावल्यावर अमेरिकेत, आधी लस न घेतलेल्या निरोगी माणसाला स्नायूत चार डोस, दिवस ०, ३, ७, १४. आपल्या सरकारी दवाखान्यात त्वचेच्या आत, दोन जागी ०.१ मिली, दिवस ०, ३, ७ आणि २८. लसीकरणात बीसीजी आपल्याकडे जन्मतःच, अमेरिकेत ती नेहमीच्या वेळापत्रकात नाही. पीएसएमच्या पेपरात अमेरिकन वेळापत्रक लिहून आलेला विद्यार्थी दरवर्षी एखादा तरी निघतोच.

एककं आणि नावंही सांभाळा. ब्रिटिश साहित्यात साखर मिलिमोलमध्ये असते. तिला १८ ने गुणा, म्हणजे तिथले ७ आपले १२६. क्रिएटिनीन मायक्रोमोलमध्ये असेल तर ८८.४ ने भागा. हिमोग्लोबिन ११० दिसलं तर दचकू नका, ते लिटरमागे आहे, आपल्या भाषेत ११. अमेरिकन ॲसिटामिनोफेन म्हणजे आपलं पॅरासिटामॉल, अल्ब्युटेरॉल म्हणजे साल्ब्युटामॉल, एपिनेफ्रिन म्हणजे ॲड्रिनलिन, मेपेरिडिन म्हणजे पेथिडिन.

आयसीएमआरचे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे) 'स्टँडर्ड ट्रीटमेंट वर्कफ्लो' मोफत आहेत. ते एकेका पानावर आजाराची पहिली तपासणी, उपचार आणि कधी पुढे पाठवायचं हे देतात. इंटर्नच्या खिशासाठी यापेक्षा सोयीचं दुसरं काही आमच्या पाहण्यात नाही. कोणतीही मार्गदर्शिका उघडली की आधी वर्ष बघा. शोधयंत्रात जुनी पीडीएफ बऱ्याचदा वर येते.

मुलगी तिसऱ्या वर्षाला आहे. वर्गातल्या सगळ्यांनी पैसे भरून ॲप घेतलंय म्हणते. फुकटात होत नाही का? आणि टेलिग्रामवर सगळं मिळतं असंही ऐकतो.
— एक पालक, सांगली

शिकण्यापुरतं फुकटात होतं. विद्यापीठाच्या परीक्षेसाठी कॉलेजचं ग्रंथालय, जुन्या प्रश्नपत्रिका आणि मोफत व्हिडिओ पुरेसे आहेत. त्या परीक्षेत लेखी गुणांपैकी बहुपर्यायी प्रश्नांचा वाटा २० टक्क्यांच्या वर नसतो, बाकी सगळं लिहायचं असतं आणि लिहिण्याचा सराव कोणतंच ॲप करून घेत नाही. नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचं गणित वेगळं आहे. तिथे २०० बहुपर्यायी प्रश्न आणि उणे गुण असतात. त्यासाठी स्पष्टीकरणासह चांगली प्रश्नपेढी लागते, आणि मोफत जगात नेमकी तीच दुबळी आहे. 'रिकॉल' म्हणून फिरणारे प्रश्न परीक्षार्थींनी आठवून लिहिलेले असतात. त्यातले पर्याय बदललेले असतात आणि उत्तरंही चुकतात. तेव्हा पैसे घालायचेच तर शेवटच्या टप्प्यात आणि प्रश्नपेढीवर घालावेत, असं आमचं मत. मुलीला मोफत चाचणी कालावधीत रोज ४० प्रश्न सोडवून बघायला सांगा. दहा दिवस टिकली तर विकत घ्या.

टेलिग्रामवरचं बरंचसं साहित्य चोरीचं असतं. प्रताधिकार कायद्यात त्याला शिक्षा आहे, पण त्याआधीच दोन व्यावहारिक नुकसानं होतात. पुस्तकाची आवृत्ती जुनी निघते आणि उपचार बदललेले असतात. आणि 'मोफत प्रीमियम' म्हणून मिळणारी एपीके फाइल फोनमधले संदेश वाचायची परवानगी मागते. त्याच फोनवर बँकेचा ओटीपी येतो.

आयसीएमआरच्या एसटीएस या विद्यार्थ्यांसाठीच्या संशोधन प्रकल्पासाठी संदर्भ शोधायचे आहेत. पबमेडवर (वैद्यकीय लेखांच्या मोफत शोधसाइटवर) एक तर काहीच येत नाही, नाही तर वीस हजार लेख येतात. जे हवे ते पैसे मागतात. चॅटबॉटला विचारलं तर त्याने दहा संदर्भ दिले, पण एकही सापडत नाही.
— एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

शेवटचं आधी. ते संदर्भ सापडत नाहीत, कारण बहुधा ते अस्तित्वातच नाहीत. भाषेचं यंत्र संदर्भासारखं दिसणारं वाक्य रचून देतं. लेखकाचं आडनाव आणि नियतकालिक खरं असतं, लेख नसतो. त्याच्याकडून शोधशब्द सुचवून घ्या, संदर्भ घेऊ नका. प्रत्येक संदर्भाचा पबमेड क्रमांक किंवा डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) स्वतः उघडून पाहायचा आणि शीर्षक जुळलं तरच वहीत घ्यायचा.

आता शोध. पूर्ण प्रश्न टाइप करू नका. प्रश्नाचे दोन-तीन तुकडे करा आणि मोठ्या अक्षरांतल्या 'अँड'ने जोडा. उदाहरण महाराष्ट्रातलंच घेऊ : विंचूदंश आणि प्राझोसिन हे औषध. दोन शब्द 'अँड'ने जोडले की यादी आटोक्यात येते, आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं काम समोर येतं. लाल विंचवाच्या दंशात प्राझोसिनचा वापर त्यांनी मांडला. विंचवाच्या प्रतिविषासह प्राझोसिन आणि नुसतं प्राझोसिन यांची त्यांनी केलेली तुलना २०११ साली बीएमजेमध्ये आली, आणि तो पूर्ण लेख मोफत वाचता येतो. चांगला लेख हाती लागला की त्याच्या पानावर खाली 'मेश' संज्ञा दिलेल्या असतात. तुमच्या विषयाला पबमेड कोणत्या नावाने ओळखतं ते तिथे कळतं. ती संज्ञा घेऊन पुन्हा शोधा. शेजारचे 'सिमिलर आर्टिकल्स' आणि 'सायटेड बाय' हे दोन दुवे नवख्याला शोधपेटीपेक्षा जास्त देतात.

काहीच न येण्याचं नेहमीचं कारण अवतरणचिन्हं. ती घातली की पबमेड तंतोतंत तेच शब्द शोधतं, समानार्थी शब्द आणि ब्रिटिश-अमेरिकन स्पेलिंगचा मेळ घालत नाही. वीस हजार येत असतील तर शब्द फक्त शीर्षकात शोधा, नाही तर डावीकडून वर्ष आणि 'रिव्ह्यू' हे गाळणं लावा.

पैसे मागणाऱ्या लेखांसाठी आधी 'फ्री फुल टेक्स्ट' लावून बघा. मग 'अनपेवॉल' हे ब्राउझरचं मोफत विस्तारक बसवा. लेखाची कायदेशीर मोफत प्रत कुठे असेल तर ते दाखवतं. तुमचं कॉलेज सरकारी असेल तर ग्रंथपालांना 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'बद्दल विचारा. जानेवारी २०२५ पासून सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं या योजनेत खुली झाली आहेत. हॉस्टेलच्या मोबाइल डेटावरून ती उघडत नाहीत, त्यासाठी संस्थेचं नेटवर्क किंवा संस्थेचं लॉग-इन लागतं. एवढं माहीत नसल्यानेच अनेक जण 'मिळत नाही' म्हणून परत फिरतात. आणि सगळं थकलं की लेखकाला दोन ओळींची ईमेल करा. बहुतेक जण आनंदाने प्रत पाठवतात.

हृदयाचे आवाज नेटवर ऐकून शिकता येतात का? वॉर्डात मला मर्मर (हृदयातला जादा आवाज) ऐकूच येत नाही.
— एक विद्यार्थी, नागपूर

येतात, पण फोनच्या स्पीकरवर नाही. तिसरा आणि चौथा हार्ट साउंड आणि मायट्रल स्टेनोसिसची (मायट्रल झडप अरुंद होण्याच्या आजाराची) गडगड फार खालच्या पट्टीतली असते, आणि फोनचा छोटा स्पीकर ती पट्टी वाजवूच शकत नाही. त्यामुळे तुम्ही शांतता ऐकता आणि 'मला येत नाही' असा निष्कर्ष काढता. कान झाकणारा हेडफोन वापरा. मिशिगन विद्यापीठाचं हृदयध्वनींचं मोफत दालन चांगलं आहे. तिथे रुग्णाची स्थिती आणि स्टेथोस्कोपची जागाही दिलेली असते.

रोज एकच आवाज, दहा मिनिटं. डोळे मिटून आधी पहिला आणि दुसरा ध्वनी वेगळे करा, मग मर्मर दोघांच्या मध्ये आहे की दुसऱ्यानंतर, एवढंच ठरवा. वॉर्डात मानेतल्या कॅरोटिड नाडीवर बोट ठेवा. ठोक्याबरोबर येतो तो पहिला. मायट्रल स्टेनोसिससाठी रुग्णाला डाव्या कुशीवर वळवा, एपेक्सवर (हृदयाच्या टोकावर) स्टेथोस्कोपची बेल अगदी हलकी टेकवा, श्वास सोडायला सांगा. बेल दाबून धरली की तिच्याखालची कातडी ताणते, ती डायफ्रॅमसारखी (स्टेथोस्कोपच्या सपाट पडद्यासारखी) वागते आणि खालची पट्टी गाळून टाकते. 'ऐकूच येत नाही' यामागे बहुतेक वेळा हेच निघतं. एऑर्टिक रिगर्जिटेशनला (एऑर्टिक झडप गळत असेल तेव्हा) उलट : रुग्ण पुढे वाकलेला, श्वास सोडून धरलेला, डायफ्रॅम घट्ट दाबलेला.

एक गोष्ट नेट देत नाही. तिथले आवाज शांत आणि संथ ठोक्यांचे असतात. वॉर्डातल्या रुग्णाचे ठोके ११० आणि अनियमित, शेजारी पंखा आणि नातेवाइकांचं बोलणं. म्हणून नेटवर ऐकलं त्याच दिवशी वॉर्डात जाऊन तसाच एक रुग्ण शोधा.

आमच्या बॅचच्या ग्रुपवर रुग्णांचे एक्स-रे आणि जखमांचे फोटो टाकून चर्चा करतो. शिकण्यासाठीच आहे, चालेल ना?
— एक विद्यार्थिनी, मुंबई

नाही. रुग्णाची लेखी संमती आणि विभागाची परवानगी नसेल तर चालत नाही, मग हेतू काहीही असो. फिल्मच्या कोपऱ्यात नाव आणि नोंदणी क्रमांक छापलेला असतो. तो कापला तरी गोंदण, मंगळसूत्र, खाटेमागचा वॉर्डाचा फलक आणि फोटो-फाइलमधली वेळ-ठिकाणाची नोंद उरते. गावाकडच्या माणसाला एवढ्यावरून ओळखता येतं. चर्चेसाठी रेडिओपीडियावर हवी तशी केस शोधा. २००५ साली ऑस्ट्रेलियातून सुरू झालेल्या या मोफत संग्रहात त्याच निदानाच्या ओळख पुसलेल्या अनेक केसेस मिळतील. दुवा ग्रुपवर टाका, 'निदान लपवून' बघायला सांगा आणि उत्तर आधी लिहून घ्या. ईसीजीसाठी 'लाइफ इन द फास्ट लेन'चं दालन त्याच कामाचं आहे.

जाता जाता : गडचिरोलीहून एका विद्यार्थ्याने विचारलंय की हॉस्टेलवर रेंज नसते, काय करावं? कॉलेजच्या वायफायवर एकदाच बसून तीन गोष्टी उतरवून घ्या. 'किविक्स'चा वैद्यकीय विकिपीडिया, जो उतरवल्यावर नेटशिवाय चालतो. ओपनस्टॅक्सचं ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचं इंग्रजी पुस्तक, पूर्ण पीडीएफ मोफत. आणि वर सांगितलेल्या भारतीय मार्गदर्शिका. व्हिडिओ ४८० पी वर घेतले तर तासाला साधारण अर्धा जीबी जातो. फळ्यावरचं लेक्चर असेल तर ३६० पी वरही अक्षर वाचता येतं. हिस्टॉलॉजीच्या स्लाइड मात्र ७२० च्या खाली बघू नका, पेशींच्या कडा पुसट होतात.